मदत हवी आहे: बालगृहाची देणगी थांबवावी का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जुने मित्रमैत्रिणी गेली नऊ वर्षं एका बालगृहाला दरमहा पैसे पाठवतो. नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रार काहीच नाही. मुलं नीटनेटकी असतात, हिशेब वेळेवर येतो.

मागच्या महिन्यात पहिल्यांदाच तिथे जाणं झालं. चपला काढतेय तोवर तीनेक वर्षांची एक मुलगी धावत आली, गुडघ्याला मिठी मारली आणि म्हणाली, "उचल." कडेवर घेतलं तर खाली उतरायलाच तयार नाही. मला भरून आलं, फोटोही काढून घेतला (आता डिलीट केलाय). निघताना सहज विचारलं, हिचं कुणीच नाही का? तिथल्या ताई म्हणाल्या, "आई आहे की! येते दोन महिन्यांतून एकदा. कामावर गेल्यावर हिला बघायला कुणी नाही, म्हणून ठेवलीय."

तेव्हापासून वाचत सुटलेय. अनोळखी माणसाला असं बिलगणं म्हणजे लाघवीपणाच असतो असं नाही; सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिलेल्या मुलांमध्ये हे लक्षण दिसतं म्हणे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या 136 लहान मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं निवडून फॉस्टर कुटुंबांत (म्हणजे दत्तक न घेता परक्या मुलाला आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत) पाठवली. ती संस्थेच्या वाट्याला आलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना माणसाचा लळा लागणं जास्त सोपं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर सरळ म्हटलंय की केवळ गरिबीपायी मूल आईबापांपासून तोडू नये.

मग आम्ही नऊ वर्षं काय करतोय? मूल आत असेपर्यंत आमचे पैसे त्याच्यासाठी. आईने घरी नेलं की त्याच्यापुरते बंद!

आमच्यातला एक जण म्हणतो, आजच बंद करू. मला ते पटत नाही. आतल्या मुलांनी काय करायचं? शिवाय काहींच्या घरीच मारहाण असेल, त्यांना परत कुठे धाडणार? या क्षेत्रात काम केलेलं कुणी असेल तर सांगा: पैसे कुठे वळवावेत, आणि संस्थेला काय विचारावं? आम्ही सगळेच यात कच्चे आहोत.

प्रतिसाद:

एकदम बंद करू नका. घाईने संस्था रिकामी केली की तयारी नसलेल्या घरी मुलं ढकलली जातात आणि काही महिन्यांत तिथून पुन्हा बाहेर पडतात. मी काही वर्षं मुलांना घरी परत पोचवण्याचंच काम केलंय, हे डोळ्यांनी पाहिलंय.

किती मुलं आहेत हे विचारू नका. गेल्या वर्षभरात किती घरी गेली आणि त्यानंतर त्यांच्या घरी कोण जाऊन आलं, ते विचारा. प्रत्येक मुलाची वेगळी फाइल आहे का? मूल तात्पुरतं ठेवलं असेल तर शक्यतो दर तीन महिन्यांनी फेरविचार व्हावा, असं तुम्ही म्हणताय त्याच तत्त्वांत आहे. भावंडं एकत्र आहेत का? आजी, मावशी, काका यांना कुणी शोधलं का? आधी आईवडील, मग नातेवाईक, तेही नसतील तर फॉस्टर कुटुंब. जिथे खरंच धोका आहे तिथे अर्थातच परत पाठवायचं नाही, पण हे समाजकार्यकर्त्याने घरी जाऊन ठरवायचं, फोनवर नाही.

त्या मुलीच्या आईला बहुतेक पाळणाघर हवंय, बालगृह नव्हे. पण तुम्ही परस्पर तिला गाठू नका, संस्थेमार्फतच जा. आणि कृपा करून मुलांना भेटायला जाणं थांबवा. तुमच्यासाठी ती एक दुपार असते, त्यांच्यासाठी सोडून गेलेलं आणखी एक माणूस.

धागाकर्ती:

शेवटचं वाक्य टोचलं, पण बरं झालं. उद्याच पत्र लिहिते: आमचा निम्मा वाटा त्या मुलीच्या पाळणाघरासाठी आणि घरी गेलेल्या मुलांकडे फेऱ्या मारणाऱ्या माणसाच्या पगारासाठी. आता पुढची शंका. मूल घरी गेलं की पट कमी होतो, आणि पटावर अनुदान असेल तर संस्था का ऐकेल? याला कुणी तोड काढलीय का?