बाल्कनीत भाजी लावायचीय, सुरुवात कुठून करू?

बी-६०४: नमस्कार सगळ्यांना. बाल्कनीत घरापुरती भाजी लावायचा विचार चाललाय, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, पुदिना आणि जमलं तर एक दुधीचा वेल. ऑनलाइन मोठ्या कुंड्या बघून ठेवल्यात, ऑर्डर करायच्या आधी म्हटलं सोसायटीच्या ग्रुपवर विचारावं. माती कुठून आणता सगळे?

ए-३०२: अगं कुंड्या थांबव जरा. बाल्कनी कुठल्या दिशेची आहे तुझी?

बी-६०४: दक्षिण, काकू. समोर मोकळं आहे

ए-३०२: मग छान. आता ऑक्टोबर संपत आला, इथून पुढे सूर्य दक्षिणेकडे कलत जातो त्यामुळे डिसेंबर जानेवारीत ऊन पार हॉलच्या दारापर्यंत आत येईल. टोमॅटोला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, ते हिवाळाभर मिळेल तुला. पण तेच ऊन मे महिन्यात मिळेल असं धरून चालू नकोस. आपल्या पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो, वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन कठड्याच्या आत येतच नाही. झाड पिवळं पडलं की लोक खत ओतत बसतात, कमी पडलेलं असतं ऊन. म्हणून टोमॅटो मिरचीची रोपं नर्सरीतून आत्ता आणून लाव, जूनमध्ये तिथेच पुदिना आणि अळू ठेव.

बी-६०४: अरे बापरे, हे डोक्यातच नव्हतं

सी-२०१: आमची उत्तरेची आहे काकू, म्हणजे काहीच येणार नाही का 😔

ए-३०२: येतं की. पुदिना, पानओवा, अळू, यांना सावली चालते. आणि मेथी दाट पेरायची, चार-चार बोटांची झाली की कापायची, मुंबईला समुद्रमेथीच्या जुड्या मिळतात ना तशी. स्वयंपाकघरातले मेथीदाणे चालतात, तीन-चार दिवसांत उगवतात.

बी-१०३: टोमॅटोला डबा केवढा लागतो? आमच्याकडे रंगाचे २० लिटरचे रिकामे डबे आहेत पाच-सहा

ए-३०२: अगदी बरोबर साइज, आधी चांगले धुवा आणि तळाला भोकं पाडा. एका डब्यात एकच रोप. मेथी पालक कोथिंबिरीला सहा इंच खोली पुष्कळ झाली, फळांचे क्रेट घ्या आणि आत शेडनेट किंवा जुनं गोणपाट घाला.

सी-५०२: मध्ये बोलतो. मी स्ट्रक्चरचंच काम करतो म्हणून सांगतोय, कुणी घाबरू नका पण वाचा नीट. बाल्कनीचा स्लॅब आयएस ८७५ भाग २ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे ३०० किलोच्या आसपास भार धरून डिझाइन करतात, चौरस फुटाला साधारण २८ किलो. यात तुम्ही, खुर्च्या, वॉशिंग मशीन सगळं आलं. आता हा २० लिटरचा डबा नुसत्या मातीने भरून पाणी घातलं की ३० किलोच्या वर जातो आणि जागा घेतो जेमतेम एक चौरस फूट. दोन-चार डब्यांनी काही होत नाही, पण जमीन डब्यांनी गच्च भरली तर डिझाइनच्या वर गेलात. जड डबे घराच्या भिंतीलगत ठेवा, आपल्या बाल्कन्या कॅन्टिलिव्हर आहेत, म्हणजे फक्त घराच्या बाजूने धरलेल्या, टोकाला वजन ठेवलं की स्लॅब घराला जोडलाय तिथे ताण जास्त येतो. आणि कठड्याच्या बाहेर किंवा कठड्यावर कुंडी प्लीज कुणीच ठेवू नका, खाली मुलं खेळतात.

बी-६०४: काका मग मातीऐवजी काय वापरू?

ए-३०२: एक भाग माती, एक भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, त्यात मूठभर निंबोळी पेंड. आणि त्याहून हलकं हवं असेल तर उसाचं चिपाड. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर चिपाडात भाजी फळं पिकवून दाखवली होती, मी तेच वाचून सुरू केलं. रसवंतीवाले आनंदाने देतात. ताजं मात्र घालायचं नाही, गोडीने मुंग्या लागतात आणि कुजताना ते तापतं, चांगलं वाळवून मग डब्याच्या खालच्या निम्म्यात दाबून भरायचं, वर हे मिश्रण. चिपाड कुजत जातं तसं खाली बसतं, मग वरून भर घालत राहायची.

ए-२०२: सगळं छान आहे पण वरून पाणी गळतं त्याचंही बोला कुणीतरी. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर मातीचे ओघळ आले की पुन्हा सगळं धुवायचं. झाडांना माझा विरोध नाही, खरंच नाही.

ए-३०२: ताई तुमचं बरोबर आहे. पाइपने पाणी घालायचंच नाही, तांब्याने हळू घालायचं, बोट मातीत घालून बघायचं, ओलं लागलं तर त्या दिवशी नाही घालायचं. प्रत्येक डब्याखाली ताटली हवीच.

सी-२०१: ताटलीत डास होतात ना पण

ए-३०२: होतात, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून दोनदा ताटली रिकामी करायची आणि काथ्याने घासायची, नुसतं ओतून देऊन भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

सी-५०२: 👍 आणि डबे विटांवर ठेवा, खालून पाणी निचऱ्याच्या जाळीपर्यंत वाहायला वाट राहते

बी-६०४: काकू कोथिंबीर माझी उगवतच नाही, मागे लावली होती

ए-३०२: अख्खे धणे टाकले असशील. लाटण्याने हलकेच रगडून त्याची दोन दलं कर, रात्रभर भिजव, मग पेर. आठ ते पंधरा दिवस लागतात, धीर धर. पेरल्यावर वर जाळी टाक, कबुतरं कोवळे कोंब ठेवत नाहीत. पुदिन्याला तर बियाणंही नको, बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेव, मुळं फुटली की लाव, पण वेगळ्या कुंडीत, नाहीतर तो बाकी कुणाला जागा देत नाही.

बी-६०४: आणि दुधी?

ए-३०२: यंदा नको. फुलं संध्याकाळी उमलतात, सहाव्या मजल्यावर तुला रोज हाताने परागीकरण करत बसावं लागेल. पहिल्या वर्षी पालेभाजी, दोन टोमॅटो, दोन मिरच्या, बास.

बी-१०३: माझ्याकडचे दोन डबे ज्येष्ठांपैकी कुणाला हवेत तर मी भोकं पाडून वर आणून देतो, ड्रिल आहे

ए-३०२: फार छान रे. मी रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडे चिपाड आणायला जातेय, गच्चीवर वाळत घालायची सेक्रेटरींनी परवानगी दिलीय. कुणाकुणाला हवं ते फ्लॅट नंबर टाका, पोती आपापली आणा

बी-६०४: बी-६०४, दोन पोती

सी-२०१: सी-२०१ एक

ए-२०२: ए-२०२ पण एक. मेथीपुरतं.