रिकामे स्विच बंद करायला कुणाची हरकत आहे?

अर्धविराम:
डेटा सेंटरमधल्या सर्व्हरचा वीजवापर निदान कामाप्रमाणे खालीवर होतो. त्यांना जोडणाऱ्या नेटवर्क स्विचचं तसं नाही. डेटाचं एकही पॅकेट जात नसलं तरी दुसऱ्या टोकाशी ताळमेळ टिकवायला पोर्टवर (केबल जोडायच्या जागेवर) सिग्नल अखंड चालूच. गूगलच्या संशोधकांनी २०१० साली हिशोब मांडला होता: सर्व्हर कामाच्या प्रमाणात वीज घेऊ लागले आणि भार १५ टक्केच असला, तर जवळपास निम्मी वीज नेटवर्क खाईल. त्याच वर्षी ‘इलास्टिकट्री’ या संशोधनाने डेटाची वाहतूक मोजक्या लिंकवर (जोडण्यांवर) गोळा करून उरलेले स्विच बंद करता येतात हे दाखवलं. तरी कुणी करत नाही. मला हा निव्वळ आळस वाटतो.

केबलकाका:
आळस नाही हो, भीती आहे, आणि ती रास्त आहे. जादा मार्ग शोभेला नसतात. एक स्विच पडला की वाहतूक तिकडून वळते. बंद स्विच सुरू व्हायला मिनिटं लागतात, ट्रॅफिकची उसळी मिलिसेकंदांत येते. रात्री तीनला फोन कुणाला येतो? वीज वाचवणाऱ्याला नक्कीच नाही.

अर्धविराम:
मग स्विच राहू द्या, लिंक झोपवा. त्यासाठीचं ८०२.३एझेड हे इथरनेट मानक २०१० पासून आहे.

उलटतपासणी:
आहे, आणि बरेच जण ते बंद करून ठेवतात. १० गिगाबिटवर १५०० बाइटचं पॅकेट १.२ मायक्रोसेकंदात जातं. तांब्याच्या तारेवरच्या लिंकला झोपून उठायलाच त्याच्या काही पट वेळ लागतो. सुटी सुटी पॅकेटं आली तर बचत त्यातच विरते. साठवून एकगठ्ठा सोडली तर वीज वाचते, पण लेटन्सी, म्हणजे पॅकेट पोचायला लागणारा वेळ, वाढते. एआय ट्रेनिंगमध्ये सगळ्यात उशिरा पोचणाऱ्या पॅकेटसाठी हजारो जीपीयू (एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप) थांबतात. स्विचचे चार वॅट वाचवायला शेकडो वॅटचा एकेक जीपीयू ताटकळत ठेवायचा?

आरसेमहाल:
झोपवण्यावरच का अडलात? गूगलने आपल्या डेटा सेंटरच्या ज्युपिटर नेटवर्कमधून स्पाइनचा (बाकी स्विचना एकमेकांशी जोडणारा वरचा) थरच काढला, तिथे आरशांनी प्रकाश वळवणारे ऑप्टिकल स्विच बसवले. या सगळ्या फेरबदलांतून वीज सुमारे ४० टक्के कमी झाल्याचं त्यांनी २०२२ मध्ये मांडलं. बचत मांडणीत असते.

अर्धविराम:
गूगलला परवडतं. ज्यांचे रॅक आधीच उभे आहेत त्यांनी काय करायचं? पलीकडे काहीच जोडलेलं नाही, तरी ऑप्टिक मॉड्यूल (विजेच्या सिग्नलचा प्रकाश करणारा भाग) खोचून ठेवलेले पोर्ट तरी बंद करा.

केबलकाका:
त्याला माझी ना नाही. फक्त ती यादी नेटवर्क टीम करेल, आपोआप चालणारी स्क्रिप्ट नाही. बॅकअपचा लिंकही महिनोन्‌महिने रिकामाच दिसतो.