मदत हवी आहे : आजोबांचा फोटो मोठा केला की फुटतो

शाहूपुरीकर : आजोबांचा लंगोट घातलेला, खांद्यावर गदा घेतलेला जुना फोटो 12 × 18 इंचांत छापून तालमीत लावायचा आहे, परंतु आकार वाढवला की मिशा आणि गदा यांचा नुसता चिखल होतो. स्पष्टता राखून आकार कसा वाढवावा? छपाईवाल्याला फाइल लवकर द्यायची आहे, म्हणून व्याख्यान नको.

रंकाळाकाठ : फाइल किती पिक्सेलची आहे आणि आपल्याकडे कशी आली, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

शाहूपुरीकर : 1066 × 1600. पुण्याच्या चुलतभावाने व्हॉट्सॲपवर पाठवली. त्याने काय फरक पडतो?

रंकाळाकाठ : सगळा फरक तिथेच पडतो. 18 इंचांत 1600 पिक्सेल पसरले की इंचाला जेमतेम 89 येतात. हातात धरून पाहायच्या फोटोला 300 लागतात, भिंतीवर 150 ते 200 वर भागते. शिवाय व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो, आणि एकदा गेलेला तपशील परत येत नाही.

कळंबेकर : एवढा खल कशाला? एआयवर चढवा, चौपट मोठा होऊन मिळेल. आमच्या गणपतीच्या फ्लेक्सचे सगळे फोटो असेच केले आहेत.

रंकाळाकाठ : फ्लेक्स लोक रस्त्यापलीकडून पाहतात, म्हणून खपून जाते. एआय हरवलेला तपशील शोधत नाही, अंदाजाने नवा रंगवते. पैलवानाचे चेपलेले कान ते गुळगुळीत करून देईल आणि तालमीतले वस्ताद विचारतील, हा कोण?

विद्यार्थीमित्र : परीक्षेच्या अर्जासाठी फोटो 50 केबीच्या आत बसवायचा असल्यास जेपेगची गुणवत्ता कमी करावी.

कळंबेकर : त्यांना मोठा करायचा आहे हो!

रंकाळाकाठ : शाहूपुरीकर, मूळ छापील फोटो आहे का?

शाहूपुरीकर : चुलतभावाकडेच आहे, 4 × 6 इंचांचा.

रंकाळाकाठ : मग हे आधी सांगायचे! तो 900 किंवा 1200 डीपीआयवर (म्हणजे इंचाला तेवढे ठिपके) स्कॅन करून टिफ किंवा पीएनजी या तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात साठवायला सांगा आणि ईमेलने, नाहीतर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. 900 वर 3600 × 5400 पिक्सेल मिळतात, म्हणजे 12 × 18 ला इंचाला 300, आणि आकार वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही.

शाहूपुरीकर : त्याच्याकडे स्कॅनर नाही. मोबाइलने काढला तर?

रंकाळाकाठ : झेरॉक्सच्या दुकानात बहुधा स्कॅनर असतो, तिथे पाठवा, मात्र डीपीआयचा आकडा स्वतः सांगायला हवा, नाहीतर ते कागदपत्रांसारखे 200 वर करून देतील.