काढलं, धुतलं, रंगवलं एवढं सोपं नाही हो

"वर काढलं, धुतलं, रंग मारला की झालं" असं पाण्यात बुडालेल्या जुन्या लढाऊ विमानांबद्दल इथे कुणीतरी म्हटलंय, त्यावर थोडं. खाऱ्या पाण्यातलं विमान बाहेर काढणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग, खरी कटकट नंतरच सुरू होते. समुद्रात असेपर्यंत ॲल्युमिनियम बऱ्यापैकी टिकतं पण एकदा हवा लागली की आत मुरलेले क्लोराइड (समुद्राच्या मिठातले क्षार) पत्रा भराभर खायला लागतात. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यातून २०१३ मध्ये ते जर्मन डॉर्निअर १७ बॉम्बर काढलं ना, दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये पडलेलं, तळाशी उलटं पडून होतं, ते कॉसफर्डच्या विमान म्युझियमला नेऊन प्लास्टिकच्या बोगद्यात ठेवलं आणि सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण महिनोन्‌महिने फवारत बसले. सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबातलंच! मला तर हेच सगळ्यात भारी वाटलं.

उलट अमेरिकेत लेक मिशिगनमधली विमानं बघा, गोडं थंड पाणी, त्यामुळे कितीतरी चांगल्या अवस्थेत निघतात. महायुद्धाच्या काळात नौदलाच्या वैमानिकांच्या ट्रेनिंगच्या वेळी पडलेली ती, १९९४ मध्ये त्यातलंच एक डाँटलेस (अमेरिकन नौदलाचं बॉम्बर) निघालं जे १९४२ च्या जपानविरुद्धच्या मिडवेच्या लढाईत लढलं होतं, नंतर ते फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या नौदल विमान म्युझियममध्ये ठेवलं.

आणि रंगाचं म्हणाल तर मूळ रंगाचा कपचा जरी राहिला असला तरी ही विमानं जतन करणारी माणसं तो खरवडून काढायला तयार नसतात, कारण पुरावा तोच. नवीन पत्रे ठोकून चकचकीत केलेलं विमान मला तरी अर्धी प्रतिकृतीच वाटते. पटत नसेल तर भांडा, पण आधी त्या डॉर्निअरचे फोटो बघून या.