सुवर्णसौधात शाळांच्या पैशाची चर्चा, आमच्या शाळेला काय?

खानापूरवाला: कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधात भरतं, पण आमच्या मराठी शाळेत पहिली ते पाचवीला मिळून एकच गुरुजी. पोरं अठरा. वरांड्याची कौलं गळतात, त्याखालीच दासोहाच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) तांदळाची पोती. पट कमी म्हणून पैसा कमी, पैसा कमी म्हणून पट आणखी कमी! एसडीएमसीनं, म्हणजे पालकांच्या शाळा समितीनं, हे कुणापुढं मांडायचं?

जुना मास्तर: समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचं शाळा अनुदान पटावरच ठरतं. 30 पर्यंत 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार. कौलं त्यात भागणार नाहीत, दुरुस्तीचा प्रस्ताव वेगळा द्या. शिक्षकाचं म्हणाल तर 2009 च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक हवेतच. अर्जात हे पहिल्या ओळीत घाला.

शहापूरकर: आमदाराला भेटाच, पण विधान परिषदेतल्या शिक्षक मतदारसंघाच्या सदस्यालाही गाठा. प्रश्न तेही विचारू शकतात. अर्ज कन्नडमध्ये द्या, वाद नंतर घालू.

जांबोटीची वहिनी: आणि शाळा दुसऱ्या गावच्या शाळेला जोडायचा कागद आला तर सही करायची घाई नको. पावसाळ्यात ओढा ओलांडून पोरं कशी जाणार, ते आधी लिहून घ्या. आमच्याकडं बस ‘येईल’ म्हणाले होते. अजून येतेय!