‘किल’ म्हणजे चर्च की रान?

कॉर्ककर : शेजारच्या आजोबांना हाताशी धरून इथल्या, आयर्लंडातल्या, पॅरिशमधली (चर्चच्या हद्दीतली) जागांची गेलिक, म्हणजे जुन्या आयरिश भाषेतली, नावं वहीत उतरवतोय. दोन ठिकाणी अडलोय. ‘टाउनलँड’ला, म्हणजे इथल्या जमिनीच्या सगळ्यात छोट्या विभागाला, मराठीत काय म्हणू? त्यात टाउन नसतंच, कधी एक घरही नसतं. ‘वाडी’ म्हटलं की वस्ती आली. आणि नकाशावर ‘किलमोर’ असेल तर अर्थ काय लावायचा?

दप्तरी : मौजे म्हणा की! हद्द ठरलेली, नाव ठरलेलं, माणूस असो वा नसो. महसुलात ‘बेचिराख मौजे’ असतंच ना? वस्ती उठली तरी नाव दप्तरात. ‘शिवार’ नको, शिवार कुठल्या तरी गावाचं असतं. आयर्लंडात तर असे 60,000 हून जास्त टाउनलँड आहेत.

जुनी बाराखडी : ‘मोर’ सोपा आहे, मोठा. मेख ‘किल’मध्ये. एक शब्द ‘किल’, म्हणजे चर्च, मुळात साधूची खोली. दुसरा ‘कैल’ (दक्षिण आयर्लंडातल्या मन्स्टर प्रांताकडचा उच्चार), म्हणजे रान. इंग्रजीत दोघांचं ‘किल’ झालं. किल्डेअर हे ओकाचं चर्च, पण प्रत्येक किलमोर चर्चचं असेलच असं नाही. ‘बॅली’चंही तेच. बॅलीकॅसलमधलं ‘बाल्ये’, म्हणजे गाव. बॅलिनामधलं मात्र नदी पायी ओलांडायच्या उताराचं तोंड. म्हणून स्पेलिंगवरून अर्थ लावू नका, आजोबांना म्हणायला लावा. गेलिकचा अभ्यासक जॉन ओ’डोनोव्हन 1830 पासून ऑर्डनन्स सर्व्हेसाठी, म्हणजे सरकारी नकाशांच्या खात्यासाठी, हेच करत होता. जुन्या कागदांतली रूपं जमवायची, गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून नाव ऐकायचं, मग स्पेलिंग ठरवायचं. पॅरिशवार वह्या आहेत त्या कामाच्या. नकाशावर छापलं गेलं ते इंग्रजी सोंग.

दप्तरी : सोंग बरोबर. शीव म्हणजे हद्द, हे ‘सायन’ वाचून कुणाला कळणार आहे?

कॉर्ककर : विचारलं. आजोबा स्वच्छ ‘कैल’ म्हणाले. रान गेलं केव्हाच, बांधाला हेझलची चार झाडं उरलीत. मग स्वतःहून शेतांची नावं सांगायला लागले, ती नकाशात नाहीतच. घरामागच्या तुकड्याला म्हणतात ‘पार्क ना गापल’, घोड्यांचं. घोडा ‘कापल’, मग ‘गापल’ कसा?

जुनी बाराखडी : आपण ‘घोडाचं’ म्हणतो का? ‘घोड्याचं’ होतं. आपलं शब्दाच्या शेवटी बदलतं, त्यांचं सुरुवातीला. वहीत ‘गापल’च लिहा, दुरुस्त करू नका.

कॉर्ककर : तसंच लिहिलं. तिथे आता ट्रॅक्टर उभा असतो. मराठी रकान्यात आधी ‘घोड्यांचं कुरण’ लिहिलं होतं, कारण नुसतं गवत आहे. पण आजोबा म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या वेळी तिथे बटाटे लावायचे, घोडेही त्याच नांगरटीचे. कुरण खोडून ‘वावर’ केलं.