मदत हवी आहे : ‘हॅम्लेट’मधलं ‘दाऊ’ आणि ‘यू’

मंडळी, वाचनगटासाठी ‘हॅम्लेट’ मूळ इंग्रजीतून वाचतेय आणि तिसऱ्या अंकात अडले आहे. राणी आधी मुलाला ‘दाऊ’ म्हणते. तो तिला ‘यू’ने उत्तर देतो, आणि लगेच राणीसुद्धा ‘यू’वर येते. ‘दाऊ’ म्हणजे आपलं ‘तू’ आणि ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’, इथवर ठीक. पण राणीचं हे बदलणं रागाचं की दुरावा दाखवणारं? त्या काळच्या प्रेक्षकाला ते कानाला खटकलं असेल का? मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीत आई मुलाला एकदम ‘तुम्ही’ म्हणाली तर अख्खा प्रसंग फिरतो.

आगरकरांच्या ‘विकारविलसित’मध्ये, म्हणजे ‘हॅम्लेट’च्या मराठी भाषांतरात, हा संवाद कसा आला आहे? कुणाकडे प्रत असेल तर कृपया तेवढ्या ओळी सांगा.

आणखी एक. पहिल्या अंकातला ‘लेट’ (let) हा आजच्या ‘करू देणे’च्या अगदी उलट, ‘अडवणे’ या अर्थाचा आहे, तोच आपल्या पासपोर्टवरच्या इंग्रजी मजकुरातही टिकून आहे. असे उलट्या अर्थाचे जुने शब्द ओळखायला सुटसुटीत शब्दकोश कोणता? ऑक्सफर्डचा मोठा कोश रोजच्या वाचनाला झेपत नाही.